दुसरा आर्क

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात." गमतीजमती आहेत, त्या आधी सांगून टाकतो. मला खरं लिहायचंय ते एका जोडाबद्दल, आणि त्यात गंमत काही नाही. ज्यांना फराळाबरोबर हलकंफुलकं हवंय त्यांनी सुरुवातीचं तेवढं वाचून पुढच्या कथेकडे वळावं, माझा राग नाही.

मी टेलिफोन खात्यात जॉइंटर होतो. अर्ध्या नोकरीत तांब्याच्या तारा जोडल्या, उरलेल्या अर्ध्या नोकरीत काचेच्या. काचेची तार म्हणजे फायबर. डोक्याच्या केसाएवढी जाड, आणि तिच्या मधोमध तिच्याहून कितीतरी बारीक गाभा. त्या गाभ्यातून उजेड धावतो. तुमचा फोन, बँकेतलं मशीन, तहसीलीतला ऑनलाइन सातबारा, सगळं त्या उजेडावर बसून जातं. केबल तुटली की दोन्ही टोकं सोलायची, स्पिरिटनं पुसायची, क्लीव्हर नावाच्या हत्यारानं सरळ तोडायची आणि जोडमशीनमध्ये समोरासमोर धरायची. मशीनमध्ये दोन सुया असतात. बटण दाबलं की त्यांच्यामध्ये ठिणगी पेटते, तिला आर्क म्हणतात. काच मऊ होते, टोकं एकमेकांत मिसळतात. मग जोडावर स्लीव्ह नावाची छोटी नळी सरकवून तापवायची. ती आकसून घट्ट बसते आणि जोड कायमचा झाकला जातो. काम दोन-तीन मिनिटांचं आहे. बाकी दिवस केबल कुठं तुटली ते शोधण्यात जातो.

एकदा पाथरीच्या रस्त्याला कुणीतरी पन्नासेक मीटर केबल उपटून नेली. तांबं समजून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस स्वतः केबलचं वेटोळं खांद्यावर टाकून आमच्याकडे आला. चोरीची लाज नव्हतीच, उलट रागात होता. म्हणाला, "साहेब, पार सोलून बघितलं, ह्यात काहीच न्हाई. तुमी लोकान्ला असं फसवायले व्हय?" आमच्या सुपरवायझरनं त्याला आधी चहा पाजला आणि मग पोलिसांना बोलावलं.

दुसरी गोष्ट सोनपेठच्या बाजारातली. बाजाराच्या दिवशी लाईन गेली आणि जमिनीखाली जोड ठेवायच्या आमच्या चेंबरच्या झाकणावर एक म्हातारी मेथीच्या जुड्या मांडून बसलेली. उठायला तयार नाही. "लाईन तुमची आसंल, जागा माझी हाय. माझ्या सासूपासून इथंच बसायलोत." अर्ध्या तालुक्याचे फोन बंद, बँकेपुढं रांग, आणि मी त्या बाईशेजारी उकिडवा बसून गिऱ्हाइकांना मेथी कशी कवळी आहे ते सांगतोय. दुपारी जुड्या संपल्या तेव्हा झाकण उघडलं. जोड झाल्यावर ती म्हणाली, "उस्ताद, पुढल्या बाजारी बी या."

मला सगळे उस्तादच म्हणायचे. तांब्याच्या काळातल्या एका जुन्या मिस्त्रीनं ते नाव दिलं आणि चिकटलं. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते. माझ्या हातचा जोड पुन्हा उघडावा लागत नाही, अशी ख्याती होती, आणि ती ख्याती मी स्वतःच चारचौघांत सांगत असे.

आता धंद्यातली एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. आमचं काम रस्त्याच्या कडेला. परभणीचं ऊन, फुफाटा, वरून वारा. कितीही जपलं तरी कधीकधी जोड झाल्यावर मशीनच्या पडद्यावर जोडाच्या जागी एक पुसट आडवी रेघ दिसते. काच पुरती मिसळली नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी टोकं न काढता आणखी एक आर्क द्यायचा. रेघ जाते, उजेड बरा होतो. हे कुठल्या प्रशिक्षणात आम्ही शिकलो नाही, एकमेकांचं बघून शिकलो. भातावर वरण कमी वाटलं की हात आपसूक वाटीकडे जातो, तसा रेघ दिसली की जॉइंटरचा अंगठा बटणाकडे जातो. असे हजारो जोड मी दुसऱ्या आर्कवर सुधारले असतील.

निवृत्त झाल्यावर मी बोरीला, माझ्या गावी, येऊन राहिलो. एका ठेकेदारानं मोडीत काढलेलं जुनं जोडमशीन घेतलं, दुरुस्त केलं, आणि खासगी इंटरनेटवाल्यांची बारीकसारीक कामं करू लागलो. आमच्या घरापासून तिसरं घर गुरुजींचं. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. दहावीला दोनदा आपटल्यावर माझ्या बापाला समजावून मला आयटीआयला घातलं तेही त्यांनीच. नाहीतर मी आज कुठं असतो, सांगता येत नाही. रोज सकाळी विहारावरून येताना "जयभीम गुरुजी" म्हणून मी त्यांच्या ओट्यावर टेकत असे.

त्यांची धाकटी मुलगी सुजाता पुण्याला पीएच.डी. करत होती. काय करते, असं मी एकदा विचारलं तर गुरुजी मिस्कील हसले. म्हणाले, "उत्तम, पोरगी काचेच्या नळीत सिलिकॉन भरायलीय म्हणं. मी तिला म्हणलं, काच वाळूची, सिलिकॉन बी वाळूतूनच निघतं. घरातल्या घरात ह्यान्ला जोडायला येवढी वर्षं कशाला लागायलीत?"

तीन वर्षांपूर्वी गुरुजी न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. सुजाता सुट्टी घेऊन आली. ऑपरेशन होऊन गुरुजी घरी आले, त्यानंतर आठवड्याभरानं ती एका दुपारी माझ्याकडे आली. हातात प्लास्टिकची चपटी डबी. डबीत खाचांमध्ये ठेवलेले पाच तुकडे. चार बोटभर लांबीचे, पाचवा वीतभर.

"काका, तुमचं मशीन हातानं चालवता येतं ना? सगळं आपण ठरवायचं, असं?"

तिनं सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. तिच्या फायबरला बाहेरून आपल्यासारखीच काच, पण गाभा सिलिकॉनचा. साधी काच उजेड नुसती वाहून नेते. सिलिकॉनमध्ये उजेडाकडून काम करून घेता येतं, एका उजेडानं दुसरा वळवता येतो. पण जगभरातल्या तारा साध्या काचेच्या. त्यांना हे फायबर जोडता आलं नाही तर ते कपाटात ठेवायच्या लायकीचं. आणि जोडताना अडचणी फार. सिलिकॉन काचेच्या आधी वितळतं. काच मऊ होते तेव्हा ते आत पाण्यासारखं पातळ झालेलं असतं. मागं सरकतं आणि त्याचा मणी होतो. बरं, गार होताना फुगतं. फ्रीजरमध्ये विसरलेली पाण्याची बाटली फुटते तसा भोवतीच्या काचेला तडा जातो. हे सगळं साधलं तरी काचेतून सिलिकॉनमध्ये शिरताना थोडा उजेड उंबऱ्यावरूनच माघारी फिरतो. तो कमी करायला गाभ्याचं टोक सुईसारखं निमुळतं करावं लागतं. ते तिचं पुढचं काम होतं. आधी जोड तरी व्हायला हवा होता.

त्यांच्या प्रयोगशाळेतलं मशीन नवं आणि शहाणं. ते गाभा स्वतः शोधतं, आणि हा काळा गाभा दिसला की ओळखत नाही म्हणून थांबतं. माझं मशीन जुनं. त्याला काही कळत नाही, सांगाल तेवढं करतं.

"आन् हा लांब तुकडा?" मी विचारलं.

"हा शेवटी. ह्याचा गाभा मी लेझरनं पुन्हा वितळवून सलग केलाय. हाच खरा. ह्याच्यातून नीट उजेड गेला तर माझी पद्धत बरोबर. असा एकच हाय, काका. लेझर दुसऱ्यांचं असतं, पाळी वर्षातून एकदा."

आम्ही तीन दुपारी बसलो. ठिणगी हलू नये म्हणून पंखा बंद, धूळ उडू नये म्हणून फरशी ओली, दार लावलेलं. घामानं निथळत होतो. पहिल्या तुकड्याचा मणी झाला. दुसऱ्याला तडा गेला. तिसऱ्याचाही मणी, पण लहान. प्रत्येक वेळी ती वही उघडून विचारायची, "आर्क किती दिले, काका?" मी सांगायचो, ती लिहायची. ताकद किती, वेळ किती, सगळं. गुरुजींचंच अक्षर होतं तिचं.

चौथ्याच्या वेळी मला सुचलं की जोड सुयांच्या बरोबर मध्ये कशाला धरायचा? तो थोडा बाजूला सरकवायचा. ठिणगी साध्या काचेवर पडेल, सिलिकॉनला नुसती धग लागेल. एकच छोटा आर्क द्यायचा. तिला पटलं. म्हणाली, परदेशात असं करतात, वाचलंय. मग मला आणखीच चेव आला. जोड झाला. पुसट रेघ होती, पण मणी नाही, तडा नाही. एका बाजूनं माझ्या तपासणीच्या यंत्रातला उजेड सोडला. तो डोळ्यांना दिसत नाही, उजेड मोजायच्या मीटरलाच दिसतो. बाहेरच्या काचेतून चोरून जाणारा उजेड मोजला जाऊ नये म्हणून तिनं काचेवर चिकट औषधाचा थेंब लावला आणि दुसरं टोक मीटरपुढं धरलं. मीटर हलला. आकडा काही थोर नव्हता, पण उजेड येत होता. सुजाता जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "उस्ताद." त्याआधी ती मला तसं कधी म्हणाली नव्हती.

पाचव्या तुकड्याच्या वेळी तिनं दोनदा बजावलं. "चौथ्यासारखंच करायचं, काका. रेघ दिसली तर दिसू द्या. एकच आर्क." मी म्हणालो, "मला सांगायलीस का?" टोकं मशीनमध्ये बसवली, स्लीव्ह आधीच तारेवर ओवून ठेवली, झाकण लावलं. तेवढ्यात गुरुजींच्या घरून हाक आली, त्यांना उठवून बसवायचं होतं. ती म्हणाली, "तुमी द्या आर्क, मी आलेच."

मी आर्क दिला. जोड छान बसला. पडद्यावर पुसट रेघ दिसली. आणि माझा अंगठा गेला.

ठरवून केलं असतं तर आज काहीतरी सबब तरी असती. मी काही ठरवलं नव्हतं. रेघ दिसली, बटण दाबलं गेलं. रेघ गेली. इतका देखणा जोड मी पाहिला नव्हता, आणि क्षणभर मला बरंही वाटलं. मग पडद्यावर काळा गाभा जोडापासून मागं सरकताना आणि गोल होताना दिसला.

त्यानंतर जे केलं ते मात्र ठरवून केलं. मी झाकण उघडलं, स्लीव्ह जोडावर ओढली आणि तापवायला टाकली. स्लीव्ह एकदा आकसली की आत काय झालं ते कुणाला दिसत नाही. सुजाता आली तेव्हा नळी गार होत होती.

मीटर हललाच नाही. तिनं थेंब पुसून पुन्हा लावला, टोक पुन्हा तोडलं, पुन्हा धरलं. काही नाही. मग वही उघडली.

"आर्क किती दिले, काका?"

"एकच," मी म्हणालो.

तिनं एक लिहिला. मग म्हणाली, "स्लीव्हच्या पुढं कापून परत जोडू या का? बरीच लांबी उरलीय."

आणि इथं मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. कापून जोडला असता आणि उजेड आला असता तर पहिला जोड माझ्या हातानं गेला हे उघड झालं असतं. मी म्हणालो, "सुया झिजल्यात पोरी, आता ह्या मशीनवर भरवसा न्हाई. आन् उजेड गाभ्यातच अडायलाय. जोड चांगला बसला होता." सुया ठणठणीत होत्या. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी शंकेचा लवलेशही नव्हता. उलट मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "तुमचं काय न्हाई हो काका. घाईत केलं होतं मी हे. बाबा पडल्याचा फोन आला त्याच दिवशी लेझरची पाळी होती." जाताना तो तुकडा माझ्याकडेच ठेवून गेली. म्हणाली, असू द्या आठवण.

खरं बोलायला मला नंतर किती संधी मिळाल्या, त्या मोजल्या तर लाज वाटेल. ती पंधरा दिवस गावात होती. रोज दिसायची. पुढं पुण्याला गेली. तिच्या सरांनी सांगितलं की ही वितळवण्याची पद्धत चालणारी नाही, सोडून दे. तिनं सोडली. दुसऱ्याच कसल्या तरी कामावर पदवी मिळवली, तीही रखडत. दीड वर्षांनी गुरुजी वारले तेव्हा ती आली होती. सगळं उरकल्यावर मी तिला विचारलं, "मग आता पुढं?" म्हणाली, "काय न्हाई काका. कॉलेजात शिकवते. ते फायबर-बियबर बंद केलं." गुरुजींच्या फोटोखाली बसलो होतो. चहा घेतला आणि घरी आलो.

यंदा भाद्रपदात संपादकांचा फोन आला म्हणून लिहायला काही सापडतंय का ते बघायला जुनी पेटी उघडली. ती चपटी डबी सापडली. स्लीव्हच्या पुढं सहजच अर्ध्या वितेहून जास्त फायबर शिल्लक होतं. दोन दिवस डबी तशीच टेबलावर पडून होती. बायको म्हणाली, "ती काय पुजायला ठिवलीया का?" तिसऱ्या दिवशी मी फरशी पुसली, पंखा बंद केला, दार लावलं. स्लीव्ह कापून टाकली. टोक तोडलं. हात पूर्वीसारखा स्थिर राहिला नाही, टोक धरायलाच अर्धा तास गेला. जोड बाजूला सरकवला. एक आर्क दिला. पडद्यावर रेघ दिसली. अंगठा मी चक्क मुठीत दाबून धरला.

उजेड आला. चौथ्या तुकड्याहून कितीतरी जास्त, आणि हा तुकडा त्याच्याहून लांब होता. मी तीनदा मोजला. तिची पद्धत बरोबर होती. ती तीन वर्षं माझ्या पेटीत होती.

मी सुजाताला फोन लावला. ती कॉलेजात होती, मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. मी आधी इकडचं तिकडचं बोललो, मग म्हणालो, "तुझा पाचवा तुकडा आज परत जोडला. उजेड येतोय."

तिनं लगेच विचारलं, "आकडा किती?" मी सांगितला. तिनं पुन्हा विचारला, मी पुन्हा सांगितला. "थेंब लावला होता?" हो म्हणालो. आता तिचा आवाज चढला, चौथा जोड झाला त्या दुपारी होता तसा. "लिहून ठिवा काका. ताकद, वेळ, समदं. आर्क किती दिले?"

"आज एक," मी म्हणालो. "तवा दोन दिले होते. तुला खोटं सांगितलं मी. सुया बी झिजल्या नव्हत्या."

गलका ऐकू येत राहिला. कुठंतरी घंटा झाली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"मला न्हाई सांगितलं ते एक ऱ्हाऊ द्या. पण बाबांना सांगायचं होतं, काका. जाईपर्यंत ते येकच म्हणायले होते, मी पडलो म्हणून पोरीचं काम बुडालं."

मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "तास हाय माझा, ठेवते." त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. तिनं सांगितल्याप्रमाणे आकडे कागदावर लिहून ठेवलेत, आर्क एक. आजही सकाळी विहारावरून येताना गुरुजींच्या ओट्यासमोर थांबलो होतो. घराला कुलूप आहे.